दवाखान्याची पायरी : प्लेगच्या काळातील रुग्ण, भाषा आणि विश्वास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी रुग्णसेवेसंबंधी काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळाची सूचना आली तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला, तेवढीच माझी शिदोरी. आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान या चार दानांचा महिमा आपण दर चातुर्मासात प्रवचनांतून ऐकतो, आणि आपल्या ट्रस्टचे रुग्णसाहाय्याचे काम याच श्रद्धेवर उभे आहे. परंतु औषध देणाऱ्याचे बोलणे घेणाऱ्याला कळले नाही आणि घेणाऱ्याचा आचारविचार देणाऱ्याला ठाऊक नसला, तर त्या दानाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट मिळते, असे मला वाटते. म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या दिवसांकडे वाचकांना घेऊन जातो.

प्लेगची कथा सुरू होते ती मुंबईच्या मांडवी भागात. बंदराला लागून असलेला हा धान्याच्या वखारींचा आणि दाट चाळींचा भाग. कच्छी व गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती तेथे मोठी, आणि त्यांत जैन कुटुंबेही पुष्कळ. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी येथील रुग्ण तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. व्हिएगस त्याच भागात व्यवसाय करीत होते. लोक त्यांना ओळखत होते, आपण होऊन घरी बोलावीत होते. या भयंकर रोगाचा पहिला पत्ता लागला तो सरकारी रुग्णालयात लागला नाही, तर गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या आणि लोकांच्या माजघरापर्यंत ज्याला वाट मोकळी होती अशा वैद्याला लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे जे घडले ते मात्र अगदी उलट दिशेने घडले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून प्लेगच्या रुग्णाला, वेळ पडल्यास बळाने, रुग्णालयात हलविण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. शहरात हाहाकार उडाला. लोक रुग्णाला माळ्यावर, धान्याच्या पोत्यांआड, शेजाऱ्याच्या खोलीत लपवू लागले. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ज्या इमारतीत आपल्याच भाऊबंदांवर उपचार चालले आहेत तिच्यावर माणसे दगड घेऊन धावून जातात, तेव्हा केवळ 'अडाणीपणा' म्हणून विषय सोडून देणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

त्या वेळच्या अफवा वाचल्या म्हणजे अंगावर काटा येतो. रुग्णाला उलटे टांगून त्याच्या शरीरातून 'मोमियाई' काढतात, असे लोक बोलत. राणीच्या पुतळ्याला नुकतेच डांबर फासले गेले होते, त्याचा सूड म्हणून माणसे मारली जात आहेत, असेही बोलले जाई. आज आपण हसू. परंतु त्या चाळीतील माणसाने काय पाहिले होते? घरातील ताप आलेला माणूस उचलून नेला. का नेला हे त्याला समजेल अशा बोलीत कोणी सांगितले नाही. नातेवाइकांना सोबत राहू दिले नाही. आणि चार दिवसांनी केवळ मृत्यूची वार्ता आली. रुग्ण बहुधा अखेरच्या घटकेलाच रुग्णालयात पोहोचत, त्यामुळे तेथील मृत्यू अधिक. जेथून कोणी परत येत नाही त्या जागेविषयी मनुष्य काहीतरी कल्पना करणारच. जेथे खुलासा नाही तेथे अफवा उगवते.

येथे भाषेचा प्रश्न थोडा विस्ताराने मांडतो, कारण त्याकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे नामांकित एतद्देशीय डॉक्टर त्यातून बाहेर पडले. पुढे मराठी व गुजराती या देशी भाषांतूनही वैद्यकाचे वर्ग चालले. परंतु देशी भाषेतून शिकलेल्यांच्या वाट्याला आले ते हॉस्पिटल असिस्टंटचे पद, म्हणजे उतरंडीतील खालची पायरी. निर्णय घेणारे वरिष्ठ अधिकारी इंग्रजीतून विचार करीत, इंग्रजीतून हुकूम लिहीत; रुग्णाची भाषा जाणणारा मनुष्य तो हुकूम मुकाट्याने बजावणारा होता. सांगण्याचे काम होते, विचारण्याचे नव्हते. "तुम्हाला कशाची भीती वाटते?" हा साधा प्रश्न त्या सर्व यंत्रणेत विचारणारा कोणी नव्हता.

भाषा म्हणजे केवळ शब्दही नव्हेत. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते, म्हणून तपासणी तेथेच करावयाची. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना, त्यांत पडद्यातील आणि घरंदाज स्त्रियांनाही, परके पुरुष डॉक्टर तपासू लागले. डॉक्टरच्या दृष्टीने ती रोगाची खूण शोधण्याची जागा. त्या स्त्रीच्या दृष्टीने तो जन्मभर न विसरण्यासारखा अपमान. स्त्री-रुग्णाला स्त्री-वैद्यच हवी, ही गोष्ट आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वीच श्रीरामपूरच्या भाषणात जाहीरपणे सांगितली होती. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय उभे राहिले ते याच गरजेतून, तेथे डॉ. एडिथ पीची यांच्या देखरेखीखाली स्त्रियाच स्त्रियांवर उपचार करीत. दहा वर्षांपूर्वी जे कळले होते ते संकटाची घंटा वाजताच विसरले गेले!

आणि मरणाची भाषा? आपल्या घरांत अंतकाळी कानाशी णमोकार मंत्र म्हणावयाचा असतो. हिंदू घरांत मुखी तुळशीपत्र व गंगोदक, मुसलमान घरांत कलमा. रोग्याला बळाने हलविले म्हणजे जीव वाचण्याची आशा तर थोडीच, परंतु हे शेवटचे संस्कारही गेले. सरकारच्या हिशेबात याला कोठे जागा नव्हती. घरच्या माणसांच्या हिशेबात मात्र हेच सर्वांत मोठे नुकसान होते. रुग्ण लपविणाऱ्या आईबापांना गुन्हेगार म्हणण्यापूर्वी हे ध्यानी घेतले पाहिजे.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता आली. पुण्यात काय झाले ते शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. रँडच्या अमलाखाली १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कशाचाच विधिनिषेध उरला नाही. प्लेगच्या रुग्णालयात एका तरुण मुलीची जी दुर्दशा झाली तिच्याविषयी पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. वास्तविक त्या ख्रिस्ती झालेल्या, सरकारच्या शत्रू म्हणून कोणी त्यांना हिणवू शकत नव्हते. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्या प्रकरणाचा राजकीय अंगाने पुष्कळ विचार झालेला आहे, म्हणून मी येथे थांबत नाही. एवढेच म्हणतो की, रोग हटविण्यासाठी घरात शिरलेल्या माणसाची आणि ज्याच्या घरात तो शिरला त्या माणसाची एकमेकांशी बोलण्याची भाषाच नव्हती, हे त्या शोकांतिकेचे एक मूळ होते.

त्याच महिन्यांत, त्याच पुण्याच्या परिसरात दुसरेही काही घडत होते. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. तो वाचला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. लोकमान्य टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारले. तेथे औषधे काही निराळी नव्हती. प्लेगवर खात्रीचे औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते. निराळे होते ते एवढेच की, तेथे रुग्णाला नावाने हाक मारणारे कोणीतरी होते.

मुंबईतही हळूहळू हे उमगले. डॉ. कैखुश्रू बहादुरजी यांनी पारशी समाजासाठी ज्वर-रुग्णालय काढले. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली. तीही हुकूमशाही वळणाचीच होती, परंतु निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांशी बोलण्याचे शहाणपण तिने दाखविले. खोजा, मेमन, भाटिया, जैन अशा समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली. स्वजातीचा स्वयंपाकी, ओळखीचा वैद्य, उशाशी बसायला घरचे माणूस आणि कानावर पडणारी आपली बोली! कालपर्यंत लपवून ठेवलेले रुग्ण लोक आपल्या पायांनी घेऊन येऊ लागले.

लसीची हकीकत तर आपल्या वाचकांना विशेष विचार करावयास लावणारी आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही लस ज्या रसात वाढवावयाची तो रस युरोपात सामान्यतः गोमांसाचा असे. हाफकिन यांनी गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बोकडाच्या मांसाचा रस वापरला आणि त्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांप्रमाणे लोंबत असे. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावनांचा हा विचार त्या काळी एका परकीय शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बसून करावा, हे थोडे नव्हे. परंतु आपल्या समाजाचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. गोमांस नाही तर बोकडाचे मांस; अहिंसेच्या दृष्टीने जीव तो जीवच. रुग्णाच्या आचाराचा विचार करावयाचा तर 'सर्वसाधारण' विचार करून भागत नाही, प्रत्यक्ष समोरच्याला विचारावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. ज्यांनी ती लस घेतली त्यांनी चूक केली असे मी मुळीच म्हणत नाही. जीव वाचविणे हीही अहिंसाच. पण त्यांना निर्णय करता यावा म्हणून तो रस कशाचा आहे हे त्यांच्या भाषेत सांगितले जाणे हा त्यांचा हक्क होता.

लस घेण्यास लोक बिचकत होते. तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. खोजा समाजात लसीकरण वेगाने पसरले. मांडवीचे डॉ. व्हिएगस यांनी एकट्यांनी सुमारे १८ हजार लोकांना लस टोचली, असे सांगितले जाते. हुकमाने जे झाले नाही ते विश्वासाच्या माणसाने केले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचेच नाव आहे.

आता थोडे कटू. समाजासमाजांच्या रुग्णालयांचे कौतुक करताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्यांच्या समाजात शेठसावकार होते त्यांना आपले रुग्णालय मिळाले. ज्यांच्यात नव्हते त्या हमालांना, भंग्यांना, कोकणातून आलेल्या एकट्या-दुकट्या मजुरांना सरकारी खाटच होती, तीही मिळाली तर. पहिल्या काही महिन्यांत मुंबईतील आठ-साडेआठ लाख वस्तीपैकी पावणेचार लाखांच्या आसपास माणसे शहर सोडून गेली. ज्यांना गावी घर होते, गाठीला पैसा होता, ती आधी गेली. आपले व्यापारी पूर्वजही त्यांत होते. जाताना वखारीचे रखवालदार आणि हमाल यांना ते बरोबर घेऊन गेले नाहीत. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. जिवाची भीती सर्वांना सारखी. परंतु स्मरणिकेत केवळ पूर्वजांच्या दातृत्वाच्याच नोंदी असाव्यात, हे मला मान्य नाही.

उंदरांचाही प्रश्न असाच अवघड. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखविले, आणि पुढे मुंबईतील संशोधनाने ते सर्वमान्य झाले. त्याआधी, म्हणजे घरोघर झडत्या चालल्या होत्या तेव्हा, खुद्द अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक नव्हते. त्यांचा सारा भर कार्बोलिक आम्ल, चुना आणि माणसांना उचलून नेण्यावर होता. पुढे उंदीर मारण्याची मोहीम निघाली तेव्हा जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी विरोध केला म्हणून त्यांची पुष्कळ टवाळी झाली. विरोध झाला हे खरे. पण 'मारा' आणि 'मारू नका' या दोन टोकांमध्ये वखारीची फरशी पक्की करणे, बिळे बुजविणे, धान्य जमिनीपासून उंच ठेवणे असा एक मोठा प्रदेश होता, आणि व्रताला धक्का न लावता तेथे पुष्कळ काही करता आले असते. दोन्ही बाजूंनी तो प्रदेश उशिरा पाहिला.

उलट, खेड्यांतील लोकांना जे कळत होते त्याकडे कोणी वेळीच लक्ष दिले नाही. माझी आजी सांगे, "घरात उंदीर पडला की गाव सोडायचं." कोठे? गावाबाहेर माळावर. ताट्यांच्या झोपड्या उभारून सारे गाव तेथे महिना-दोन महिने राही. आजीची लहानपणीची दिवाळी अशीच एकदा माळावर गेली होती. मंदिरातील पूजेला पुजारी एकटाच गावात जाई आणि येताना ओढ्यावर अंघोळ करून मग झोपडीत शिरे. पिसू, जंतू हे शब्द तिच्या कानावर नव्हते. परंतु उंदीर मेला की घर सोडावे, हे ज्ञान शास्त्राच्या कितीतरी आधी तिच्या गावात होते. पुढे सरकारनेही घरे रिकामी करणे हा प्रमुख उपाय मानला. रोग्याची भाषा समजून घेणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. कित्येकदा वैद्याच्याही उपयोगाचे काही तीत दडलेले असते.

१८९८ नंतर बळजोरी ओसरली आणि १९०० च्या सुमारास सरकारने ती जवळपास सोडून दिली. ही समजूत येईपर्यंत फार मोठी किंमत मोजावी लागली. मुंबईत मार्च १८९८ मध्ये एका मुलीच्या तपासणीवरून मुसलमान विणकरांच्या वस्तीत दंगल होऊन रक्त सांडले होते. प्लेग मात्र दोन-तीन दशके हिंडत राहिला आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. १८९७ चा तो कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढला गेला, तेव्हा मुखपट्टी बांधून घरात बसलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आर्थर रोडची आठवण आल्यावाचून राहिली नाही. त्या वेळीही कित्येकांच्या कानात णमोकार म्हणायला कोणी नव्हते.

आता एक घरगुती आठवण सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला एका मोठ्या शहरातील रुग्णालयात ठेवले होते. चौविहाराचा तिचा नियम. सूर्यास्तानंतर पाणीदेखील नाही. रात्री नऊची गोळी ती घेईना. का घेत नाही हे ती सांगे, पण ती बोले आमच्या गावाकडची मराठी, आणि ऐकणाऱ्यांना ऐकायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी मी केसपेपर पाहिला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की, रुग्ण सहकार्य करीत नाही. तापाचा चढउतार, नाडी, लघवी यांच्या नोंदींच्या ओळीत तेही एक लक्षण म्हणून बसले होते.

त्या रात्रपाळीला केरळची एक तरुण परिचारिका होती. मोडक्या मराठीत तिने आईच्या खाटेवर बसून विचारले, "आजी, गोळी कडू लागते का?" आईने मान हलविली आणि खिडकीकडे बोट दाखविले. बाहेर अंधार झाला होता. मुलीने क्षणभर विचार केला, "उपवास?" असे विचारले, आणि आईने तिला सारे समजावून सांगितले, बहुधा निम्मे हातवाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत तिने डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर म्हणाले, या गोळीला तशी अडचण नाही, सायंकाळी साडेपाचला द्या. त्यानंतर आई बरी होऊन घरी येईपर्यंत तो केसपेपर मी रोज पाहत असे. नऊच्या रकान्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी निळ्या शाईने साडेपाच लिहिले होते, आणि त्याखाली देवनागरीत, थोड्या वेड्यावाकड्या अक्षरांत, एकच शब्द : 'सूर्यास्त'.